फ्रीजच्या पाठीमागचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण हॉटेल-कामगार हातात मेमो घेऊन आला. पाहुण्यांच्या खोल्या आवरणे हे त्याचे काम. खोलीत कपाटाच्या आत जो लहानसा फ्रीज ठेवलेला असतो, त्यातील दूध नासले, चॉकलेट वितळले आणि पाहुण्याने तक्रार केली. व्यवस्थापनाने निष्कर्ष काढला की कामगाराने फ्रीजचे दार नीट लावले नसणार. सबब नुकसानीची रक्कम पगारातून का कापून घेऊ नये, याचा खुलासा त्याने तीन दिवसांत करावा. पोरगा म्हणाला, "दादा, दार मी लावलंच होतं. पण त्या मजल्यावरचे सगळेच फ्रीज दुपारी असं करतात. कपाटाची मागची फळी तर हाताला गरम लागते."

आम्ही संयुक्त पाहणीची मागणी केली. देखभाल खात्याच्या फोरमनबरोबर आम्ही त्या खोलीत गेलो आणि फ्रीज कपाटातून बाहेर ओढला. आमचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले. यंत्रांची जी काही ओळख आहे ती कामगारांकडून शिकलेली. तरीही एक गोष्ट आमच्या लक्षात आली. तो फ्रीज आवाजच करीत नव्हता. घरच्या फ्रीजला असतो तसला मोटारीचा काळा डबा त्याला नव्हता. पाठीवर नुसत्या लोखंडी नळ्यांची वेटोळी होती, आणि त्या नळ्या चांगल्याच तापल्या होत्या. कपाट मागून प्लायवूडने बंद केलेले होते. फोरमन भला माणूस होता. त्याने सुताराला बोलावून कपाटाला खाली एक आणि वर एक अशी दोन भोके पाडून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फ्रीजमधले पाणी गार होते. मेमो मागे घेण्यात आला.

तंटा मिटला, पण आमचे कुतूहल मिटेना. मोटार नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही, आत फक्त एक तापणारी कांडी. आणि त्या तापण्यातून गारवा निघतो, हे काय गौडबंगाल आहे? नगरवाचनालयात बसून, मिळेल ते वाचून, समजेल ते टिपून आम्ही या यंत्राचा माग काढीत गेलो. तेव्हा असे दिसले की याच जातीचा फ्रीज परदेशांत चाकांवरच्या घरांतून, म्हणजे ज्यांना मोटारहोम म्हणतात त्यांतून, गावोगाव हिंडत असतो, आणि त्या हॉटेलातील कपाटाला जे दुखणे झाले होते तेच त्या फिरत्या घरांचेही नेहमीचे दुखणे आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एक सिद्धांत ध्यानात घेतला पाहिजे. गारवा कोणी निर्माण करीत नाही. एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी टाकावयाची, एवढेच माणसाच्या हाती आहे. आपला माठ पाणी गार करतो तो पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते म्हणून. तेव्हा गारव्याचा इतिहास म्हणजे खरोखर उष्णता कोठे नेऊन टाकली याचा इतिहास होय.

यंत्रे येण्यापूर्वी गारवा जहाजातून येत असे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली 'टस्कनी' नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे, आणि तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला! पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फाची कोठारे उभी राहिली. थोरो या अमेरिकन लेखकाने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या 'वॉल्डन' या पुस्तकात आपल्या तळ्यावर बर्फ कापावयास आलेल्या आयरिश मजुरांचे वर्णन केले आहे, आणि त्या तळ्याचे पाणी मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे लोक पितील अशी कल्पनाही केली आहे. मुंबईच्या धनिकाच्या पेल्यातील बर्फाच्या खड्यामागे कोणाचे तरी गारठलेले हात होते, ही गोष्ट आमच्यासारख्याला विसरता येत नाही.

ज्या मार्गाने पुढे आमचा मुका फ्रीज आला, त्या मार्गावरील एक मोठा टप्पा मायकेल फॅरडे याचा आहे. हा लोहाराचा मुलगा. बुकबायंडरकडे उमेदवारी करीत असताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शिकला. १८२३ साली त्याने वाकवलेल्या बंद काचनळीच्या एका टोकाला अमोनिया शोषून घेतलेले रौप्य क्लोराइड ठेवले आणि ते तापविले. अमोनिया वायू बाहेर पडला आणि आपल्याच दाबाखाली दुसऱ्या थंड टोकाला त्याचे पाणी झाले. तापविणे थांबविताच उलट क्रिया सुरू झाली. द्रव अमोनियाची पुन्हा वाफ होऊन ती पहिल्या टोकाकडे शोषली जाऊ लागली आणि ते दुसरे टोक गार पडले. एका बाजूला आच दिली तर दुसऱ्या बाजूला गारवा मिळतो, याचे बीज त्या एका नळीत होते.

त्या बीजाचे झाड केले ते फ्रान्सच्या फर्दिनां कारे याने. अमोनिया पाण्यात अतिशय विरघळतो आणि ते पाणी तापविले की पुन्हा बाहेर पडतो. या गुणाचा उपयोग करून त्याने १८५९ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनात ते यंत्र बर्फ पाडताना लोकांनी पाहिले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. उत्तरेने दक्षिणेची बंदरे रोखली, तेव्हा उत्तरेच्या तळ्यांवरचा बर्फ दक्षिणेस मिळेनासा झाला, आणि नाकेबंदी चुकवून कारेची यंत्रे तिकडे नेण्यात आली. पुढे १८७० नंतर जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने वायू दाबणाऱ्या पंपाची यंत्रे सुधारली. बर्फाचे मोठे कारखाने त्या वाटेने गेले आणि कारेची वाट मागे पडली. आमच्या किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यांत आजही अमोनियाच खेळतो, पण तो पंपाने दाबलेला.

मागे पडलेल्या त्या वाटेवरून पुन्हा दोन तरुण निघाले. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातील बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स हे ते दोघे विद्यार्थी. १९२२ साली त्यांनी असे यंत्र योजले की ज्यात पंपच नको. १९२५ साली इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो शोध विकत घेतला.

त्यांची युक्ती समजावून घेण्यासारखी आहे. फ्रीजच्या पाठीशी तळाला एक लहानसा बॉयलर असतो. त्यात अमोनिया विरघळलेले पाणी. खालून गॅसची ज्योत किंवा विजेची कांडी त्याला आच देते. बुडबुडे उठतात आणि, चहाच्या आधणाला उकळी फुटली की ते वर चढते तसे, पाण्याला नळीतून वर ढकलतात. हाच त्याचा पंप. पाणी वाटेत वेगळे होऊन खाली परतते. अमोनियाची वाफ माथ्यावरच्या पंखेदार नळ्यांत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, जाते. तेथे ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि द्रव होते. हा द्रव मग फ्रीजच्या आतील नळ्यांत उतरतो. तेथे हायड्रोजन वायू भरलेला असतो. ओले धोतर वाळावयास पाणी उकळावे लागत नाही. कोरड्या हवेत ते आपोआप सुकते. त्याचप्रमाणे हायड्रोजनच्या संगतीत अमोनिया सहज वाळतो, म्हणजे त्याची वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या दुधाभाजीतून घेतो. नंतर हे मिश्रण खाली येते, परतलेले पाणी अमोनियाला पुन्हा शोषून घेते, हलका हायड्रोजन मोकळा होऊन वर जातो, आणि चक्र चालू राहते. सारे काही दोनच बळांवर चालते: आच आणि गुरुत्वाकर्षण.

या विषयात आल्बर्ट आइन्स्टाइननेही हात घातला होता हे वाचून आम्हांला नवल वाटले. बर्लिनमधील एक कुटुंब फ्रीजमधून गळलेल्या विषारी वायूने मेल्याची बातमी वाचून तो अस्वस्थ झाला, असे सांगतात. १९२६ पासून लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर त्याने फिरते भाग नसलेल्या फ्रीजचे अनेक आराखडे केले. १९३० साली त्यांतील एकाला अमेरिकेचे पेटंट मिळाले. काही हक्क इलेक्ट्रोलक्सनेही घेतले. हे फ्रीज बाजारात आले नाहीत. पण एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला घरातील माणसांच्या श्वासाची काळजी वाटली, ही गोष्ट सांगून ठेवण्याजोगी आहे.

ती काळजी अनाठायी नव्हती. प्लाटेन-मुंटर्स पद्धतीचे गॅसवरचे फ्रीज अमेरिकेत सर्व्हेल नावाने इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे तयार होत. वीज न पोचलेल्या शेतावरच्या घरांना ते वरदान ठरले. परंतु ज्योत जळते तेथे तिचा धूर बाहेर जाण्याची सोय लागते. बर्नर कचऱ्याने भरला, धुराडे काजळीने कोंदले, की अपुऱ्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. १९३३ ते १९५७ या काळात बनलेले सर्व्हेल गॅस फ्रीज वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला कित्येक दशकांनंतरही द्यावा लागला, कारण जुने फ्रीज चालूच होते आणि माणसे मरत होती.

शहरांत वीज आली, पंपाचे फ्रीज स्वस्त झाले, आणि या मुक्या यंत्राला दोनच ठिकाणी आसरा उरला. जेथे वीज नाही, आणि जेथे आवाज नको. दुसरे ठिकाण म्हणजे आमच्या हॉटेलची खोली. पहिल्यात चाकांवरची घरे येतात. अमेरिकेत १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची सोय असलेली मोटार दाखविली होती. पण ती श्रीमंतांची चैन होती. जर्मनीत १९५१ पासून वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाड्यांत बिछाना-चूल बसवावयास आरंभ केला. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहान गावी शेतीचा धंदा बसल्यावर गावकऱ्यांनी रोजगारासाठी खटपट करून १९५८ साली ट्रेलरचा कारखाना आणविला. तोच पुढे विनेबागो. १९६६ पासून तेथे मोटारहोम साखळी-पद्धतीने बनू लागली आणि मध्यम स्थितीतल्या कुटुंबालाही ती परवडू लागली. अशा घरातला फ्रीज थांबल्यावर गॅसवर, विजेची जोड मिळाल्यास विजेवर, आणि प्रवासात बॅटरीवरही चालतो.

आता दुखण्याकडे वळू. समजा, विजेच्या कांडीने बॉयलरला ३०० वॅट उष्णता दिली आणि फ्रीजच्या आतून ६० वॅट उष्णता उचलली गेली. मग पाठीमागे किती टाकावी लागेल? दोन्हींची बेरीज, म्हणजे ३६० वॅट. आतून काढलेल्या गारव्याच्या सहापट उष्णता पाठीशी! ही जर अडली, तर माथ्यावर अमोनिया द्रव होत नाही, आणि द्रव नाही तर गारवा नाही. लोक काय करतात? फ्रीज गार होत नाही म्हणून आच वाढवतात. म्हणजे न निघणाऱ्या उष्णतेत आणखी भर घालतात.

जाणती माणसे या दुखण्याचे निदान क्रमाने करतात. पहिले, मोजणे. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या फळीवर राहू द्यावा. हे यंत्र संथ आहे. दोन तासांत त्याची परीक्षा घेऊ नये. दुसरे, पाणसळ लावून गाडी समपातळीत आहे की नाही हे पाहणे. द्रव केवळ उतारानेच परततो, तेव्हा गाडी कलती उभी राहिली तर तो मधेच तुंबतो, बॉयलर कोरडा पडून तापतो, आणि लोखंड गंजू नये म्हणून पाण्यात घातलेला सोडियम क्रोमेट साकळून नळी कायमची बंद होऊ शकते. गाडी धावत असताना हा धोका कमी असतो, कारण हिसक्यांनी ती एकाच बाजूला कलून राहत नाही. तिसरे, आच बदलून पाहणे. विजेवर गार होतो पण गॅसवर नाही, तर नळ्यांचे चक्र निर्दोष आहे आणि दोष बर्नरमध्ये आहे. चौथे, ज्योत. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी आणि लवलवणारी असेल तर कोळ्याचे जाळे, गंज किंवा काजळी आत आहे असे समजावे.

हे सारे ठीक असूनही दुपारी फ्रीज रडतो, तर पाचवी गोष्ट म्हणजे हवेची वाट. फ्रीजच्या पाठीशी खाली एक जाळी हवी आणि वर, कंडेन्सरच्याही वर, दुसरी. गरम हवा हलकी होऊन वरून निघते, तिच्या जागी खालून गार हवा येते. जुन्या वाड्यातील धुराडे याच न्यायाने चाले. पण नुसती भोके असून भागत नाही. नळ्या आणि मागची भिंत यांच्यामध्ये ऐसपैस पोकळी राहिली, तर हवा नळ्यांना न शिवता मोकळ्या बाजूने निघून जाते. म्हणून मागे पत्र्याचा आडोसा लावून ती पंखेदार नळ्यांमधूनच जाईल असे करावे लागते. गरज पडल्यास वर लहान पंखा बसवितात, आणि उन्हाळ्यात फ्रीजची बाजू सावलीस येईल अशी गाडी उभी करतात. पंखा बसविण्यापूर्वी वाट दुरुस्त करावी, हा मात्र नियम. वाट बंद ठेवून पंखा लावणे म्हणजे कोंडलेली हवा घुसळीत बसणे होय.

यांत एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. फ्रीजच्या पाठीमागची ती जागा राहत्या खोलीपासून पक्की बंद आणि बाहेरच्या हवेला मोकळी असली पाहिजे. थंडीत वारा येतो म्हणून कोणी बाहेरच्या जाळीत बोळे कोंबतो, तेव्हा तो सर्व्हेलचा इतिहास पुन्हा लिहावयास बसतो. तसेच पाठीमागे पिवळा डाग दिसला किंवा अमोनियाचा उग्र दर्प आला, की आच बंद करून माणसांना बाहेर काढावे. काडी ओढून शोध घेऊ नये. २००६ साली अमेरिकेत एका उत्पादकाला सुमारे नऊ लाख फ्रीज दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. बॉयलरच्या नळीला कालांतराने बारीक भेग पडून आतला वायू जवळच्या ज्योतीवर पेटण्याचा संभव होता. आतून पाहणाऱ्याला फ्रीज शुभ्र आणि स्वच्छच दिसत होता.

कोणी म्हणेल, या परदेशी गोष्टींशी आमचा संबंध काय? महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. अशी घरे आपल्या घाटांवरून आणि समुद्रकाठाने जाऊ लागली आहेत. त्यांतले कित्येक फ्रीज पंपाचे असतील. त्यांना समपातळीची एवढी मातब्बरी नाही, पण पाठीची उष्णता त्यांनाही टाकावीच लागते. ती कपाटे आपल्याच सुतारांनी आणि पत्राकाम करणाऱ्यांनी बनवावयाची आहेत. नकाशावर जाळी दाखविली नसेल तर ती ठोकणारा कारागीर दोषी नाही. पण ती का हवी हे त्याला ठाऊक असेल, तर तो नकाशा काढणाऱ्याला विचारू शकेल. आमच्या चळवळीतील अनुभव असा की, कामगाराला यंत्राचे ज्ञान देणे हे त्याला मजुरीचे ज्ञान देण्याइतकेच आवश्यक आहे. नाही तर यंत्राचा दोष त्याच्या पगारातून वसूल होतो.

त्या हॉटेलातला मेमो मागे घेतला गेला हे वर सांगितलेच. परंतु त्या पाहणीनंतर आम्ही जुने कागद मागविले, तेव्हा असे आढळले की त्याच मजल्यावरच्या तिघांकडून त्यापूर्वी याच कारणासाठी पैसे कापले गेले होते. तिघांनीही निमूटपणे सही केली होती. कारण आपल्या हातून दार उघडे राहिले नाही याची त्यांना खात्री असली, तरी फ्रीज मग गरम का झाला हे त्यांना सांगता येत नव्हते. दोघांचे पैसे आम्ही परत मिळवून दिले. तिसरा नोकरी सोडून गावी गेला होता. त्याच्या नावे पत्र धाडले, ते पत्ता न लागल्याने परत आले. ते पाकीट अजून आमच्या कचेरीतील कपाटात आहे.

श्रोत्यांना एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या फ्रीजच्या पाठीमागे हात घालून पाहा. भिंतीला अगदी टेकला असेल तर थोडा पुढे ओढा, जाळीवरची धूळ झाडा. आणि हे काम घरातील मोलकरणीला सांगण्याआधी तिला त्याचे कारणही सांगा.